मंगलची ओळ

"पायऱ्या कुठं गेल्या?"

टेम्पोतून उतरल्या उतरल्या माझ्या तोंडून पहिलं हेच निघालं. शाळा कशी आहे, मुलं किती आहेत, काही नाही, एकदम पायऱ्या. शाळेच्या ओट्याला पूर्वी पाच पायऱ्या होत्या, काळ्या दगडाच्या, मधोमध झिजून खोलगट झालेल्या. आता तिथे सिमेंटचा गुळगुळीत उतार आहे आणि कडेला पिवळा लोखंडी कठडा. अंकुश म्हणाला, आता नियमच तसा आहे, चाकाची खुर्ची वर गेली पाहिजे. हा अंकुश माझाच विद्यार्थी. आता पोट सुटलंय, कपाळ मागे सरकलंय, आणि शेवगावच्या स्टँडवरून मला टेम्पोत पुढे बसवून तोच घेऊन आला होता. नियम चांगलाच आहे, मी कुठं नाही म्हणते? माझेच गुडघे आता पायऱ्या दिसल्या की कुरकुरतात. पण माझा सा त्या पायऱ्यांवर होता हो. रे होता, ग होता. ते सगळं उचलून कुठं टाकलं असेल, असं मनात आलं आणि मी उगीचच उतारावर चप्पल घासून पाहिली.

मी आले होते एका फोनमुळे. निवृत्त झाल्यापासून मी केडगावला लेकाकडे असते. सकाळी देवपूजा, दुपारी डुलकी, संध्याकाळी नातवाला बागेत नेणं. अशा आयुष्यात गेल्या आठवड्यात इथल्या नव्या सरांचा फोन आला. सागर सर नाव, आवाज अगदी कोवळा. म्हणाले, तालुक्याला समूहगीताची स्पर्धा आहे आणि आमची मुलं शाळेचं स्वतःचं गाणं म्हणणार आहेत, आवाजांचं गाणं, ते तुम्हीच बसवलेलं ना? मी म्हटलं, अगंबाई, ते अजून म्हणतात? तर म्हणाले, रोज म्हणतात, चौथीची मुलं पहिलीच्यांना शिकवतात, आम्हाला शिकवावंच लागत नाही. पण मधली एक ओळ गळलीय. परीक्षकांना वाटेल मुलं विसरली. गावात ज्याला विचारावं तो म्हणतो, माहीत आहे, पण सांगत कुणी नाही. बाईंना विचारा, म्हणतात.

फोन कानालाच होता. गॅसवरचं दूध उतू गेलं, सुनेनं येऊन बंद केलं. फोनवर सांगून टाकता आली असती ती ओळ. आहे केवढीशी! पण मी म्हटलं, मीच येते.

आधी एक सांगते, मी काही गाणारी बाई नव्हे. डी.एड.ला असताना पेटीवर चार प्रार्थना वाजवायला शिकले होते, तेवढंच माझं भांडवल. पण वासरात लंगडी गाय शहाणी. त्या दोन खोल्यांच्या शाळेत दुसरे होते ते गुरुजी, आणि त्यांना शिट्टीसुद्धा सुरात वाजवता येत नसे. शिवाय पेटी होतीच. गावच्या भजनी मंडळानं नवी घेतली तेव्हा जुनी शाळेला दिली होती. तिचा भाता उंदरांनी कुरतडलेला, त्याला सायकलच्या ट्यूबचं ठिगळ. उघडली की जुन्या लाकडाचा, डांबरगोळ्यांचा आणि पंक्चरच्या सोल्युशनचा असा काही मिश्र वास यायचा की मला अजूनही संगीत म्हटलं की तोच वास आठवतो.

त्या पेटीचा मध्यम बसलेला होता. म्हणजे पट्टी एकदा दाबली की उठायची नाही, आणि भाता हलेल तोवर गाईसारखी हंबरत राहायची. शेवटी काडीपेटीतली काडी खुपसून मी तिला कायमची गप्प केली. मध्यम नाही, मग शिकवणार काय? भूप. भूपाला मध्यम लागत नाही आणि निषादही लागत नाही, पाच सुरांत भागतं. आमच्या पायऱ्याही पाचच. देवानं दिलं ते असं जुळवून दिलं होतं.

मग काय, खालची पायरी सा, वरची ध. पोरं एकामागून एक अनवाणी चढायची, प्रत्येक पायरीवर थांबून तिचा सूर लावायची, आणि ओट्यावर पोचली की वरचा सा म्हणत एक उडी. थंडीच्या दिवसांत मोठी गंमत व्हायची. ऊन आधी वरच्या पायऱ्यांवर यायचं. खालचा दगड बर्फासारखा, त्यामुळे रे वर कुणी टिकायचं नाही, सा वर तर नाहीच, सगळी पोरं प आणि ध वर जाऊन कोंबड्यांसारखी ऊन खात बसायची. "अरे खाली या, सा एकटा पडलाय," असं मी ओरडायची. चुकीच्या पायरीवर चुकीचा सूर लागला की वरची पोरं हसायची आणि चुकलेलं पोरगं निमूट एक पायरी उतरायचं. कुणाला मारावं लागलं नाही, रागवावं लागलं नाही. दगडच शिकवत होते.

पहिलीला जो वर्ग हाती आला तो चौथीपर्यंत माझ्याकडेच राहिला. पहिलीत मी त्यांना गाणं शिकवलंच नाही. डोळे मिटून बसवायची आणि म्हणायची, काय काय ऐकू येतंय ते सांगा. पहिल्या दिवशी सगळे म्हणाले, काहीच न्हाई. हळूहळू कान उघडले. लिंबाच्या झाडावरचा सुतार पक्षी ऐकू यायला लागला. मग लांबच्या विहिरीवरची मोटर, मग कुणाच्या तरी पोटातली गुडगुड. ओल्या चिंधीनं पाटी पुसल्याचा आवाज ओळखणारं एक पोरगं होतं. दप्तरातल्या फडक्यात बांधलेल्या भाकरीचा आणि लसणाच्या चटणीचा वास वर्गभर असायचा, दारातून वाळत घातलेल्या तुरीचा यायचा, आणि आम्ही सगळे डोळे मिटून बसलेले. गुरुजी एकदा डोकावून म्हणाले, बाई, शाळा आहे का झोपेचं दुकान?

त्यात दाराजवळच्या खांबाला टेकून एक पोरगी बसायची, मंगल. केस तांबूस, डोळे मोठे, बोलणं नाहीच. पायऱ्या चढायची ती ओठ मिटून. तिचा आवाज घोगरा होता, मोठ्या बाईसारखा जाडा, आणि एकदा कुणीतरी हसलं तेव्हापासून तिनं तोंड उघडायचं सोडलं. मीही मागे लागले नाही. पण पाहायची, की बरोबर सुरावर तिचं पाऊल पायरीवर टेकतंय. गळ्यात नाही तर पायात तरी सूर होता तिच्या. दोन वर्षं ती अशी मुक्यानं गायली.

आमच्या शाळेचं वर्ष दोन तुकड्यांचं असायचं. जूनपासून दिवाळीपर्यंत वर्ग भरलेला. दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच गल्लीत ट्रॅक्टर येऊन उभे राहायचे. त्यांच्यावर झोपडीचे पत्रे चढायचे, मग गोधड्या, चुलीसाठी लाकडं, टोपलीखाली झाकलेल्या कोंबड्या, एखादी शेळी, आणि सगळ्यात वर पोरं. ऊसतोडीला जाणारी. घरांना कुलपं लागायची. दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना निम्मी नावं माझ्याच आवाजात वाजून परत यायची. मग थेट गुढीपाडव्याच्या सुमाराला ती पोरं परतायची, उंच झालेली, काळी झालेली, उसाच्या पाचटानं हात चिरलेली, आणि पायऱ्या विसरलेली. आता काही पोरांसाठी गावातच हंगामी वसतिगृह असतं. तेव्हा काहीच नव्हतं.

तिसरीत, दसऱ्याच्या आधी, मला वाटलं यांचं यांचंच एक गाणं करावं. मी म्हटलं, तुमच्या घरी कसला आवाज होतो ते प्रत्येकानं सांगायचं, त्याची एक ओळ. ज्याची ओळ त्यानंच म्हणायची. पोरं सुटलीच.

आमच्या दारी शेळी बोले – ब्यें!
आमच्या तव्यावर भाकर फुगे – फुस्स!

अंकुश तेव्हा काडीसारखा होता आणि त्याच्याकडे त्याच्या आज्याची काठी होती.

आमच्या आज्याची काठी चाले – टक टक!

केरव्याचा ठेका, भूपाची चाल, आठ मात्रांत एक घर. कागदावर मी काही उतरवलं नाही, सगळं तोंडातोंडी. सगळ्यांचं झालं असं वाटलं तेव्हा खांबाजवळून तो घोगरा आवाज आला.

"आमच्या घराचं कुलूप."

पोरं हसली. कुलपाला कसला आलाय आवाज! मी म्हटलं, थांबा रे, तिला बोलू द्या. दोन वर्षांत ती पहिल्यांदा एवढं बोलली. म्हणाली, तोडीवरून आम्ही परत येतो तेव्हा कुलपात धूळ बसलेली असते. आबा त्यात तेल घालतात आणि थांबतात. आम्ही सगळी अंगणात, डोक्यावर गाठोडी, कुणी बोलत नाही. मग आबा किल्ली फिरवतात आणि ते खट् करून निघतं. आई आधी आत जाते. आत उंदरांचा आणि जुन्या राखेचा वास असतो.

"मग आमच्या घरात आवाज सुरू हुत्यात, बाई," ती म्हणाली. "त्याच्या आधी आवाजच न्हाई."

 मी पेटीवर हात ठेवून बसले होते, आणि भात्यातून नुसतीच हवा जात होती.

आमच्या घराचं कुलूप निघे – खट्!

ही ओळ अंकुशच्या आधी आली. आणि ती तिच्या घोगऱ्या गळ्यात काय बसली म्हणून सांगू! दुसऱ्या पोरांचं खट् म्हणजे उचकी लागल्यासारखं. मंगलचं खट् म्हणजे खरंच दार उघडायचं. आठवड्याभरात सगळ्यांना तीच ओळ हवी झाली. अंकुश तर आपला आजा, आपली काठी, सगळं देऊन ती घ्यायला तयार होता. मंगल आता पायऱ्या चढताना तोंड उघडायला लागली. खालच्या सा पासून ओट्यापर्यंत तिचा आवाज स्वच्छ ऐकू यायचा आणि त्या दिवसांत मला माझ्या नोकरीचा अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू.

दिवाळी झाली. ट्रॅक्टर आले. माल भरून निघायच्या वेळी मंगल धावत शाळेत आली. वर्ग चालू होता. ती दारातच उभी राहिली, चौकटीला धरून, धापा टाकत.

"बाई, माझी ओळ कुनाला देऊ नका."

"नाही देणार," मी म्हटलं. "तुझी ओळ तुझीच."

तिनं अंकुशकडे एकदा रोखून पाहिलं आणि गेली.

दुसऱ्या दिवशी गाण्याला बसलो तर निम्म्या ओळी गायब. एकीला शब्द दिला म्हणजे सगळ्यांनाच दिला. तेव्हा मी ठरवलं, जो गेला त्याची ओळ कुणी म्हणायची नाही. मांडीवर हळू ठेका धरायचा, तिच्या मात्रा जाऊ द्यायच्या, मग पुढच्यानं उचलायचं. दुधाचे दात पडलेल्या पोराच्या हसण्यासारखं ते गाणं दिसायला लागलं. शेळी बोलली की मग नुसताच ठेका. ठेका, ठेका, मग कुठे तरी भाकर फुगायची. अंकुश घाईचा. मंगलच्या मात्रा संपायच्या आधीच तो काठी टेकत यायचा आणि मी पेटी थांबवायची. "अरे, ती संपली का? तिला संपू दे की." थंडी सरेपर्यंत तो थांबायला शिकला. त्याच्या पुढच्या आयुष्यात दुसरं काही माझं त्याच्या उपयोगी पडलं असेल असं वाटत नाही, पण थांबायला तो तिथं शिकला.

आणि मग चैत्र. लिंबाला तांबूस पालवी, वर्गात मोहराचा वास, उन्हानं तापलेल्या पायऱ्यांवर आता उलट, कुणी ध वर बसेना, सगळी सावलीत सा वर. एकेक कुटुंब परतायला लागलं. एकेक ओळ भरत चालली. गाणं चालू असताना दारातून कोण येतंय याच्याकडे पोरांचं लक्ष, कारण रोज कुणी ना कुणी यायचंच. त्या दिवशी मंगलची जागा आली, पोरांनी सवयीनं दाराकडे पाहिलं, आणि ती दारात उभी होती. अंगावर प्रवासाची धूळ, फ्रॉक आखूड झालेला, हातांवर पाचटाचे ओरखडे. आत आली नाही, बसली नाही. ठेक्यातली एक मात्रा चुकू न देता दारातूनच तिनं ओळ म्हटली आणि शेवटचं खट् असं काही टाकलं की अंकुश आपली काठीच विसरला.

मी विचारलं, "घर उघडलं का गं?"

"न्हाई," ती म्हणाली. "आबा तेल घालत्यात अजून."

मला आयुष्यात बक्षिसं मिळाली नाहीत. मिळाली असती तरी त्या दुपारसमोर ठेवायला मला जमलं नसतं.

तेव्हापासून पोरांना खोड लागली. ती जागा आली की माना दाराकडे. मंगल वर्गात बसलेली असली तरी पोरं दाराकडे पाहायची, आणि तीसुद्धा पाहायची. चौथीत ती दिवाळीनंतर पुन्हा गेली. जाताना पुन्हा दारात आली, या वेळी बोलली नाही, नुसतं पाहिलं. मी मान हलवली. पाडवा झाला. एकेक जण आला. शेळी आली, भाकर आली, सगळे आले. अक्षय तृतीया झाली. फक्त ती एक जागा राहिली.

ती का आली नाही हे मी विचारलं तेव्हा, पुष्कळांना विचारलं, आणि प्रत्येकानं निराळं सांगितलं. त्यातलं खरं काय हे आता शोधत बसावंसं वाटत नाही. निकालाच्या दिवशी चौथीचा निरोपाचा कार्यक्रम होता, गावातली चार मंडळी येणार होती. गुरुजी म्हणाले, बाई, मधे भोक कशाला ठेवता, ती ओळ अंकुशला देऊन टाका, त्याला हवीच होती. गुरुजींचं चुकलं नव्हतं. मी अंकुशकडे पाहिलं. मनात म्हटलं, घेऊ दे बिचाऱ्याला, दोन वर्षं तरसलाय.

अंकुश म्हणाला, "नको. ती आली तर?"

मग तसंच म्हटलं. जागा आली, ठेका धरला, सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. दारात ऊन होतं. मग अंकुशनं आपली काठी उचलली. खाली बसलेली पहिली-दुसरीची पोरं टकामका बघत होती. त्याच सुट्टीत माझी बदली झाली, आणि पुढे नोकरीभर मी इकडं आले नाही.

तर सांगत होते ते आताचं. उतार चढून वर गेले. सागर सर खरंच कोवळे निघाले, मिशी आत्ताच कुठे धरतेय. त्यांनी कपाटातून पेटी काढून ठेवली होती. झाकण उचललं आणि तोच वास. मध्यमाच्या पट्टीखाली माझी काडी तशीच. मला इतकं हसू आलं की सरांना वाटलं बाईंना काय झालं. ते म्हणाले, दुरुस्त करून घ्यायचीय पण मुलं म्हणतात आमच्या गाण्याला ती पट्टी लागतच नाही.

वर्गात मुलं थोडीच होती. सर म्हणाले, सीझन आहे बाई, निम्मी तिकडे. भिंतींवर रंगीत चित्रं, कोपऱ्यात टीव्ही, पण दार तेच, चौकट तीच, खांबही तोच. मी पेटीवर बसले. बोटं आता थोडी वाकडी झालीत, पण भूप विसरत नाहीत. पोरांनी सुरुवात केली. शब्द थोडे बदललेत. शेळीच्या जागी कुणी तरी मोटरसायकल घातलीय, मला काही वाईट वाटलं नाही. भाकर मात्र अजून फुगते. मग ती जागा आली.

मांड्यांवर ठेका सुरू झाला, हळू, जसा मी शिकवला होता तसा. आणि सगळ्या पोरांनी एकदम माना वळवून दाराकडे पाहिलं.

माझा हात पेटीवरून उचलला गेला. मोठ्या मुलांनी पाहिलं, चिमुरड्यांनी पाहिलं, नाक पुसत पुसत पाहिलं. मात्रा संपल्या, माना परत वळल्या आणि आज्याची काठी टक टक करत निघाली. सर कौतुकानं म्हणाले की ही अ‍ॅक्शन छान आहे, पण कुणी बसवली ते कळत नाही, मी आलो तेव्हापासून अशीच आहे. मी पुढे बसलेल्या एका वेणीवाल्या मुलीला विचारलं, दाराकडे का बघता गं?

"तिथं बघायचंच असतंय, बाई," ती म्हणाली. वर माझ्याकडे असं पाहिलं की एवढंही हिला ठाऊक नाही.

मला रडू आलं. मी पदर तोंडाला लावला. 

सर घुटमळले आणि मग म्हणाले, "बाई, तेवढी ओळ..." मोबाईल काढून लिहून घ्यायला तयार. त्यांची काय चूक? त्यांना पोरांना नंबर मिळवून द्यायचा होता. ओळ माझ्या जिभेवर होती. म्हटलं, आता कुणाशी आणि कसला शब्द पाळतेय मी? ती पोरगी आता पस्तिशीची बाई झाली असेल, तिला आठवतही नसेल. समोर ही पोरं आहेत, त्यांच्या गाण्यात भोक आहे. एवढ्या वर्षांत कुणी विचारलं नाही म्हणून मी राखली, आता विचारतायत तर देऊन टाकावी. पण तोंड उघडेना.

अंकुश खिडकीशी उभा होता, टेम्पोची किल्ली बोटात फिरवत. मी त्याच्याकडे पाहिलं. "तू का नाही रे सांगितलीस सरांना? तुला तर पाठ आहे."

"माजी थोडीच हाय?" तो म्हणाला. मग किल्ली खिशात टाकून म्हणाला, "बाई, तिलाच इचारू का?"

मला कळेचना. तो सांगायला लागला की मंगलचं सासर इथून जवळच आहे, पलीकडच्या वस्तीवर. येणं-जाणं असतं. दरसाल तोडीला तिच्या टोळीचं सामान त्याचाच टेम्पो नेऊन पोचवतो. आता ती पार कर्नाटकात आहे. मी इतकी वर्षं तिला कुठंतरी हरवलेली समजत होते आणि ती दर पाडव्याला इथून दोन शेतं पलीकडे परत येत होती. अंकुशनं फोन लावला आणि स्पीकरवर टाकून पेटीवर ठेवला.

बराच वेळ वाजला. मग पलीकडून वारा, पाचटाची खसखस, आणि घाव पडल्याचे आवाज, एका लयीत.

"कोन?"

तोच आवाज. घोगरा, जाडा. आता वयाला शोभणारा.

अंकुश म्हणाला, "मंगे, शाळेतून बोलतोय. बाई आल्यात. पेटीच्या बाई."

पलीकडचे घाव थांबले. ती म्हणाली, "आमच्या बाई?"  मी खुशाली विचारली, तिनं माझी विचारली, दोघींनाही धड ऐकू येत नव्हतं. पोरं पेटीभोवती गोळा झाली होती. शेवटी मी म्हटलं, "मंगल, इथल्या पोरांना तुझी ओळ हवी आहे. देऊ का?"

पाचट वाजत होतं. कुणीतरी लांबून तिला हाक मारली.

"अजून कुनाला दिली न्हाई, बाई?"

"नाही."

 मला वाटलं, हसेल. काय बाई, एवढ्याशा गोष्टीचं काय, देऊन टाका, असं म्हणेल. पलीकडे नाक ओढल्याचा आवाज झाला. मग तिनं घसा साफ केला.

"मग ठिवा. पाडव्याला घर उघडलं की मी येते. पोरांला मीच शिकविते."

सरांनी मोबाईल खिशात ठेवला. स्पर्धा पुढच्या महिन्यात आहे, पाडव्याच्या कितीतरी आधी. पोरांकडे पाहत त्यांनी डोकं खाजवलं आणि म्हणाले, "असू दे. तशीच म्हणू."

फोन बंद करायला अंकुशचा हात पुढे आला तो मी धरला. राहू दे म्हटलं, ऐकू दे तिला. पोरांना खाली बसवलं आणि पेटी ओढली. शेळीऐवजी ती मोटरसायकल गेली, भाकर फुगली. मग तिची जागा आली. ठेका सुरू झाला. फोनमधून ती काही म्हणाली नाही. नुसता श्वास ऐकू येत होता, तिकडे तीही मात्रा मोजत असावी. पोरांनी माना दाराकडे वळवल्या. अंकुशनं वळवली. सरांनीही वळवली.

मीही दाराकडे पाहिलं.